एकाच दिवसाची हवा

शाळेत शिकवतात की प्रकाश सरळ रेषेत जातो. शिकवणाऱ्यांनी एकदा दरीच्या या कड्यावरून त्या कड्यावर लेझरचा किरण सोडून बघावा. पलीकडच्या भिंतीवर ठिपका असा नाचतो, की झिंगलेला माणूस परवडला. हवा दिसायला शांत असते, पण तिच्यात तापलेले आणि गार झोत सारखे एकमेकांत घुसत असतात, आणि प्रत्येक झोत किरणाला जाता जाता थोडा ढकलतो. किती ढकलेल ते आधी सांगायचं, हा आमचा धंदा.

मी नेवेना. सोफिया शहरातल्या एका संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर माझं आणि योर्दांकाचं टेबल समोरासमोर आहे. आम्ही दोघी तिथंच म्हाताऱ्या झालो. आमचं काम म्हणजे खोटी हवा बनवणं. खऱ्या हवेसाठी डोंगरावर वर्षभर ठाण मांडून बसायला सवड कुणाला आहे? म्हणून संगणकात किरणाच्या वाटेवर एकामागं एक पडदे टांगायचे, त्यांच्यावर हवेसारख्या सुरकुत्या पाडायच्या, त्यांतून किरण पाठवायचा आणि पलीकडे ठिपका कुठं पडला ते टिपायचं. एकदा नाही, हजारदा. आणि दर वेळी सुरकुत्या नव्या. त्या यंत्र आपल्या मनानं पाडतं, पण सुरुवातीला त्याला एक आकडा द्यावा लागतो. त्याला आम्ही बीज म्हणतो. बीज तेच दिलं की सुरकुत्याही त्याच उगवतात, एक रेघ इकडची तिकडे होत नाही.

यात आमच्या खोलीचा एक रिवाज होता. ज्या गुरुजींनी हे काम सुरू केलं ते गेले, तेव्हा स्पासनं, म्हणजे योर्दांकाच्या नवऱ्यानं, त्यांच्या मृत्यूची तारीख बीज म्हणून घातली. कुठलंही गणित सुरू करायचं तर पहिली हवा गुरुजींची. मेलेल्या माणसाच्या नावानं आम्ही गहू शिजवतो, त्याचा पहिला चमचा कसा त्याच्या नावानं काढतात, तसंच ते. पहिली हवा झाली की पुढचे आकडे यंत्र आपले आपण घेई. नव्या पोरांना हसू यायचं. पण हसली तरी तो आकडा तीही घालायची.

स्पास म्हणजे एका जागी न टिकणारा माणूस. कॉफी उभ्यानं प्यायचा, बोलायचा चालता चालता, आणि चालताना कॉफी आमच्या कागदांवर सांडायचा. दांका वैतागायची. योर्दांकाला आम्ही दांका म्हणतो. ती म्हणायची, "या माणसाला एकदा खिळा मारून ठेवते की नाही बघ!" मग तो मुद्दाम टेबलाभोवती आणखी एक फेरी मारायचा.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात तो त्याच्या गावी गेला. ओस्त्रेना, रोदोपीच्या डोंगरात. हिवाळ्यात रस्ता बंद झाला की गाव तोडल्यासारखं होतं. तारा घातल्या की दरड येते आणि तारा घेऊन जाते. गावच्या दवाखान्याचा बाहेरच्या जगाशी संबंध म्हणजे एक जुना रेडिओचा मनोरा. स्पासच्या मनात होतं की दरीपलीकडच्या शहरात इस्पितळ आहे, त्याच्या गच्चीवरून दवाखान्यापर्यंत किरण न्यायचा, आणि दवाखान्यातून तसाच एक परत सोडायचा. मग क्ष-किरणांची चित्रं, हृदयाचे आलेख, सगळं एका क्षणात पलीकडे. त्याची जागा बघायला म्हणून तो कड्यावर चढला आणि छातीत कळ येऊन तिथंच बसला. लोकांनी उचलून दवाखान्यात आणला. त्याच सकाळी वादळानं मनोरा वाकला होता. गावची डॉक्टर सेव्दा संध्याकाळपर्यंत त्याचा आलेख हातात धरून बसली, पण तो दाखवायचा कुणाला? पलीकडून कुणी बोलेना. अंधार पडायच्या आधी तो गेला.

आमच्या दारावर त्याच्या मृत्यूची खबर देणारा काळ्या चौकटीचा कागद चिकटला, जसा आमच्याकडे घरादारांवर, झाडांवर, बसथांब्यांवर चिकटतो. फोटोत स्पास हसतोय. आमच्याकडचा चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला आणि दांका कामावर आली. जेवण नाही, बोलणं नाही, नुसती हाडं उरली होती. आली आणि म्हणाली, "ओस्त्रेनाचं गणित मी करणार." गुरुजींची तारीख काढून तिनं स्पासची घातली.

त्या गणितानंच तिला जगवलं, हे मी शपथेवर सांगेन. आधी चहा घ्यायला लागली. मग सूप. उन्हाळ्यात एकदा तिनं माझ्या डब्यातली चीज भरलेली बानित्सा न विचारता उचलून खाल्ली, तेव्हा मी संडासात जाऊन रडले. ऑगस्टच्या शेवटी तिनं निकाल मांडला. हजार हवा, सकाळची मंद, दुपारची उकळती, उन्हाळ्यातली, हिवाळ्यातली, आणि प्रत्येकीत किरण बरोबर पलीकडं तो झेलणाऱ्या आरशाच्या तोंडात पडला. एकदाही चुकला नाही. किरण अगदी बारीक ठेवला तरी चालेल, म्हणजे चित्रं भराभर जातील.

आमचा प्रमुख बोझिदार, तोही स्पासच्याच हाताखाली शिकलेला, त्यानं तिला मिठी मारली. सरकारी मंडळींनी होकार दिला. ओस्त्रेनाच्या सरपंचानं कळवलं की उद्घाटन स्पासच्या वर्षश्राद्धालाच करू, आणि दोरांनी बांधून कसाबसा चालू ठेवलेला तो वाकडा मनोरा त्याच दिवशी उतरवू. दोन्ही सांभाळणं गावाला झेपणार नाही. दांका म्हणाली, "यापुढं तिथं कुणी असं वाट बघत मरणार नाही." तिच्या गालांवर रंग आला होता.

आणि मग मी चित्र काढायला बसले.

उद्घाटनाच्या पत्रकावर काहीतरी छान दिसणारं हवं होतं. म्हटलं, दांकाचे हजार ठिपके आरशाच्या तोंडाएवढ्या वर्तुळात मांडू. पोळपाटावर पीठ भुरभुरल्यासारखे पसरतील, शोभून दिसेल. निकालात ठिपका मध्यापासून किती लांब गेला एवढाच आकडा होता. कुठल्या बाजूला गेला तेही यंत्रानं टिपलं होतं, पण ते कुणी मांडून पाहिलं नव्हतं. मी मांडलं. ठिपके एका रेषेत आले. मधून निघून वर उजवीकडे, मुंग्यांच्या रांगेसारखे. मंद हवेचे मध्याजवळ, जोराच्या हवेचे जरा पुढे, पण सगळे त्याच एका रांगेत.

मला आधी माझीच चूक वाटली. पुन्हा मांडलं. पुन्हा रांग. हवा कधी रांगेत चालते का हो? ती काय शाळेतली पोरगी आहे?

मी दांकाचा प्रोग्राम उघडला. बीजाची ओळ सगळ्यांच्या वर, एकदाच असायला हवी. ती खाली होती, हजार वेळा फिरणाऱ्या लूपच्या आत. म्हणजे प्रत्येक नव्या हवेच्या आधी यंत्राला स्पासची तारीख पुन्हा सांगितली जात होती, आणि ते बिचारं इमानानं पुन्हा त्याच सुरकुत्या पाडत होतं. जोर कमीजास्त, पण हवा तीच. हजार हवा नव्हत्याच. एकच होती, स्पासची. आणि योगायोगानं ती निघाली होती सालस. किरणाला फारसं न ढकलणारी.

मी ती ओळ वर नेऊन एकदा चालवून पाहिलं. ठिपके भुरभुरले पिठासारखे. दुपारच्या जोराच्या हवांमध्ये तीनातला एक वर्तुळाबाहेर. किरण आरशाला चुकून डोंगरावर पडत होता.

बोझिदारकडे गेले. त्यानं चित्र पाहिलं आणि दार लावून घेतलं.

"नेवेना, पाया पडतो तुझ्या, आता नको. उद्घाटन होऊ दे. मग आपण हळूच दुरुस्त करू. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि मनोरा? तो त्याच दिवशी पाडतायत."

"हिवाळ्याच्या आत सुधारू की."

"पैसे कुठले? माणसं कुठली? नोव्हेंबरात रस्ता बंद होतो तिथला. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का, बोझिदार?"

तो खुर्चीत बसला. वाईट माणूस नाही तो, घाबरट आहे. म्हणाला, "मला माझी लाज नाही गं. तिची भीती वाटते. आत्ता कुठं माणसात आलीय. तू हे तिला सांगितलंस तर मरेल ती."

"आणि नाही सांगितलं तर वर दुसरं कुणी मरेल. तेही तसंच, आलेख हातात धरून."

त्यानं चित्र उलटं करून टेबलावर ठेवलं. मग म्हणाला, "सांग. पण मी येत नाही तुझ्याबरोबर." मी म्हटलं, तू नकोच येऊस, तू आधी रडशील.

रविवारी सकाळी दांकाच्या घरी गेले. जिन्यातच भाजलेल्या मिरच्यांचा वास. सप्टेंबरात सगळ्या सोफियाला हाच वास असतो. प्रत्येक गॅलरीत विजेची भट्टी, भट्टीत लालभडक ढोबळ्या मिरच्या, हिवाळ्याची बेगमी. दांकानं गेल्या वर्षी भट्टी काढली नव्हती. यंदा काढलेली बघून माझा धीरच सुटला.

"ये, ये. बूट राहू देत, सगळीकडे सालंच सालं पडलीत." तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. "बरं झालं आलीस. गहू किती शिजवू गं? सगळं गाव येणार. अक्रोड मी घेतलेत, साखर तिथं लावते वरून. आणि सेव्दासाठी दोन बरण्या भरतेय, त्या पोरीनं त्या दिवशी शेवटपर्यंत त्याचा हात सोडला नव्हता."

मी पिशवीतून कागद काढला.

"तोंड का असं पाडलंयस? चावलं काही?"

"दांके, हे बघ." मी कागद पुढं केला.

ओल्या हातांनी तिनं तो कडेला धरला. "काय आहे?"

"तुझे ठिपके. ओस्त्रेनाचे."

तिनं कागद जवळ नेला, लांब नेला. बाई तीस वर्षं ठिपकेच बघत आलीय, तिला काय सांगायचं? तिला कळलं, आणि कळलं म्हणूनच ती भडकली.

"माझ्या गणितात हात घातलास? मला न विचारता?"

"पत्रकासाठी चित्र काढत होते."

"चित्र! तुला पहिल्यापासून खुपत होतं मी त्याचा आकडा घातलेला. सगळ्यांनाच. गुरुजींचा चालतो, माझ्या नवऱ्याचा नाही चालत!"

"डोंबल खुपतंय! मी काय परकी आहे? माझा पहिला प्रोग्राम त्यानंच फाडून टाकला होता आणि दुसरा रात्र जागून दुरुस्त केला होता. आपलेच दात, आपलेच ओठ, म्हणून बोझिदार गप्प बस म्हणाला. मी बसले का? तुझ्याकडे आले. आकडा असू दे. पण ओळ आत आहे दांके, लूपच्या आत."

"किरण बरोबर जात होता," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी जात होता."

"एकाच हवेतून जात होता. हजारदा एकाच."

तिनं माझ्याकडे पाठ केली आणि भट्टीचं झाकण उघडून मिरच्या हलवायला लागली, उगाचच. भट्टीच्या तोंडातून गरम हवा वर येत होती. तिच्यातून समोरच्या गॅलरीत वाळत घातलेली चादर थरथरताना दिसत होती. दांकाचा चिमटा हातातच राहिला. ती त्या चादरीकडे बघत उभी. मिरच्या करपल्याचा वास आला तरी आम्ही दोघी हललो नाही.

"कड बघ त्या चादरीची," ती शेवटी म्हणाली. "एकदा जशी हलली तशी परत हलत नाहीये."

"नाही हलत."

"पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं हे."

ती तिथंच सालांमध्ये फरशीवर बसली. "कधी घातली मी ती ओळ आत, मला आठवतसुद्धा नाही. चाळिसावा करून आले होते. वाटलं असेल, प्रत्येक हवा त्याच्या नावानं सुरू व्हावी. नुसती पहिली कशाला?" आणि मग तिला रडू फुटलं. "मी वर्षभर त्याच एका दिवशी राहिले गं नेवेना. बाहेर आलेच नाही. आणि त्यापायी त्या गावाला..."

मी तिच्याजवळ बसले. तिच्या डोक्यावर हात ठेवला, केसांना मिरचीचा वास येत होता. ती पोटभर रडली. मग तोंड पुसलं, सगळी काजळी गालांवर आली, आणि भट्टीचं बटण बंद करून म्हणाली, "सांगायचं ते मी सांगणार. तू नाही, बोझिदार नाही. चूक माझी आहे."

दुसऱ्या दिवशी तिनं ती ओळ स्वतः वर नेली. मी म्हटलं, वाटलं तर काढूनच टाक. तिनं आमच्या पद्धतीनं मान आडवी डोलवली, म्हणजे हो म्हणाली, आणि मग लगेच विचार बदलला. "नको. पहिला घास त्याचा. पुढचं ज्याचं त्याचं." यंत्र चालू झालं. पहिली हवा स्पासची, सालस. दुसरी भलतीकडेच. तिसरीत किरण फुटून तीन तुकडे. ती एकेक बघत होती आणि ओठ चावत होती.

उपाय एकच होता. किरण बारीक ठेवायचा नाही, रुंद करायचा. रुंद किरण कितीही नाचला तरी त्याचा काही भाग आरशावर पडत राहतो. पण प्रकाश पसरला की पातळ होतो. चित्रं हळू जाणार, आणि दाट धुक्यात जाणारच नाहीत. म्हणजे मनोरा पाडून चालणार नव्हतं. ज्या गावाला आम्ही छातीठोक सांगितलं होतं की आता मनोरा नको, त्याच गावाला हे सांगायचं होतं, आणि तेही स्पासच्या वर्षश्राद्धाला.

ओस्त्रेनाच्या दफनभूमीत अख्खं गाव जमलं होतं. पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली, दांकानं थडग्यावर वाइन ओतली, वाट्यांतून गहू वाटला. लोक वाटी घेताना म्हणत होते, "देव त्याला क्षमा करो." मग सगळे दवाखान्याकडे निघाले. दवाखान्याच्या मागं तो वाकडा मनोरा, आणि त्याच्याखाली दोर, हातोडे घेऊन चार माणसं तयार. सरपंच आसेन नवा कोट घालून आला होता, हातात रिबीन कापायची कात्री.

दांका पायरीवर उभी राहिली. मला वाटलं, कोसळणार. नाही कोसळली.

"मनोरा पाडू नका," ती म्हणाली. "मी चूक केली. किरण हजार प्रकारच्या हवेतून तपासला असं मी तुम्हाला सांगितलं. तो एकाच हवेतून तपासला होता. मी सांगितला तसा तो तुमच्यापर्यंत नीट पोहोचणार नाही. रुंद केला तर पोहोचेल, पण हळू. आणि धुक्यात पोहोचणारच नाही. धुक्यात तुम्हाला मनोराच लागेल."

आसेननं कात्री खिशात टाकली.

"म्हणजे बाई, शिकलीसवरलेली माणसं तुम्ही, आणि हजारदा मोजून एकदाच मोजलंत?"

"हो," दांका म्हणाली.

"आणि मी गावाला काय सांगू? दोन-दोन गोष्टी सांभाळायच्या कशा? मी आधीच..."

"आसेनभाऊ, पुरे." सेव्दा गर्दीतून पुढं आली. बारीक अंगाची, पांढऱ्या कोटावर शाल घेतलेली. "त्या दिवशी मला पलीकडून एक आवाज हवा होता. एकच. 'हे औषध दे' किंवा 'हे देऊ नकोस', एवढंच सांगणारा. संध्याकाळपर्यंत मिळाला नाही. आता दोन वाटा होतायत, तर तुम्ही एक पाडायला निघालात? मनोरा राहील. मी त्याच्यावर चढून बसेन, पाडा मग मला." आणि दोरवाल्यांकडे वळून म्हणाली, "काय बघताय? दोर आणलेतच, तर नीट ताणून बांधा त्याला. हिवाळा आला."

ती माणसं आसेनकडे बघायला लागली. आसेननं हात झटकले. "बांधा बाबांनो, बांधा. बायकांपुढं कुणाचं चाललंय?" दोर घट्ट बांधायला सुरुवात झाली.

मग आम्ही आत गेलो, क्ष-किरणांच्या खोलीत. दरीकडच्या खिडकीचा सोडून बाकीचे पडदे ओढून अंधार केला. दरीकडच्या खिडकीसमोर एक पांढरी चादर ताणली आणि तिच्यावर दांकानं कोळशानं आरशाच्या तोंडाएवढं वर्तुळ काढलं. बोझिदार पलीकडे इस्पितळाच्या गच्चीवर होता. मनोऱ्यावरूनच त्याला निरोप गेला. आधी बारीक किरण सोडला. हिरवा झळझळीत ठिपका चादरीवर आला, वर्तुळात क्षणभर उभा राहिला आणि सटकन बाहेर गेला. परत आला, खाली गेला, कोपऱ्यात जाऊन फुटला.

"अरे, हा कुठं चाललाय?" आसेन म्हणाला.

"हेच सांगत होते मी," दांका म्हणाली.

मग तिनं किरण रुंद करायला सांगितलं. ठिपका पसरला, गाडीच्या चाकाएवढा झाला, फिकट, कडा हलणाऱ्या. तो इकडे जाई, तिकडे जाई, पण वर्तुळ कधी पूर्ण अंधारात जात नव्हतं. आत कुठं तरी प्रकाश राहतच होता. सेव्दानं माझा दंड घट्ट धरला होता.

दांका चादरीजवळ गेली. तळवा त्या उजेडात धरला. हिरवा उजेड तिच्या बोटांवरून सरकत होता, मनगटावर येई, निघून जाई. ती त्याच्याबरोबर हात नेत नव्हती, नुसता धरून उभी होती.

"खिळा मारून ठेवीन म्हणायचे ना मी?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "ठेवला होता बघ. वर्षभर ठेवला होता. जिवंतपणी बापडा कधी एका जागी बसला नाही, आणि मेल्यावर मी..."

उजेड तिच्या हातावरून चादरीच्या कडेकडे गेला, आणि तिनं हात खाली घेतला.

"जा रे बाबा," ती म्हणाली. "जा आता कुठं जायचंय ते."

मग डोळे पुसून तिनं सेव्दाला विचारलं, पाठवून बघायला एखादं चित्र आहे का हाताशी. सेव्दा कपाटाकडे गेली आणि कुणाच्या तरी मोडलेल्या हाताचं चित्र शोधायला लागली.